घरातले कर्ज, बिनधोक कर्ज? नाणेनिधी आणि जागतिक बँकेतील भारताच्या कार्यकारी संचालकांना खुले पत्र

प्रति,
कार्यकारी संचालक (भारत, बांगलादेश, भूतान आणि श्रीलंका यांचा गट),
आंतरराष्ट्रीय नाणेनिधी आणि जागतिक बँक, वॉशिंग्टन

महोदय,

कमी उत्पन्नाच्या देशांना किती कर्ज पेलेल हे ठरवण्यासाठी तुमच्या दोन्ही संस्था एक सामाईक चौकट वापरतात. तिचा फेरआढावा सध्या चालू आहे. ही चौकट २००५ ची. २०१७ मध्ये तिची मोठी डागडुजी झाली आणि जुलै २०१८ पासून ती आजच्या रूपात लागू आहे. भारताला ती लागू नाही, पण तुमच्या गटातल्या बांगलादेश आणि भूतानला आहे. शिवाय घाना, मलावी, सिएरा लिओन, युगांडा, केनिया, इथिओपिया, नायजर अशा देशांना मदत किती, कोणत्या अटींवर आणि अनुदान की कर्ज, हे बऱ्याच अंशी या चौकटीतल्या आकड्यांवर ठरते. संचालक मंडळासमोर हा विषय येईल तेव्हा तुमचे मत एकाच मुद्द्यावर खर्ची पडावे अशी आमची विनंती आहे. सरकारने स्वतःच्या देशात, स्वतःच्या चलनात घेतलेले कर्ज ही चौकट अजूनही दुय्यम मानते. गेल्या दहा वर्षांत मात्र अनेक देशांच्या तिजोरीला गळफास बसला तो याच कर्जाचा.

आधी चौकटीतले उंबरठे पाहा. कर्ज पेलण्याची क्षमता मध्यम असलेल्या देशाच्या बाह्य कर्जाचे वर्तमान मूल्य, म्हणजे पुढच्या सगळ्या परतफेडीची आजची किंमत, जीडीपीच्या ४० टक्क्यांवर आणि निर्यातीच्या १८० टक्क्यांवर जाऊ नये. बाह्य कर्जाचा वार्षिक हप्ता निर्यातीच्या १५ टक्क्यांच्या आणि महसुलाच्या १८ टक्क्यांच्या आत हवा. कमकुवत देशांसाठी हे आकडे खाली येतात, सक्षम देशांसाठी वर जातात. चारही उंबरठे बाह्य कर्जाचेच आहेत. अंतर्गत कर्ज मोजले जाते ते फक्त पाचव्या निकषात, एकूण सार्वजनिक कर्जाच्या वर्तमान मूल्यात, आणि त्याची मर्यादा क्षमतेनुसार जीडीपीच्या ३५, ५५ किंवा ७० टक्के. देशांतर्गत कर्जाचे व्याज आणि मुदतपूर्ती मिळून महसुलाचा किती घास घेतात, यावर उंबरठाच नाही.

वर्षभरात सरकारला एकूण किती पैसे उभे करावे लागतील, म्हणजे तूट अधिक मुदत संपणारे सगळे कर्ज, हा निकष चौकटीत आहे, नाही असे नाही. त्याची मर्यादा जीडीपीच्या १४ टक्के आहे. पण तो ज्या विभागात बसवला आहे तो आंतरराष्ट्रीय बाजारात रोखे विकणाऱ्या देशांसाठी आहे आणि त्याच्या जोडीचा निकष डॉलर रोख्यांवरच्या जादा व्याजाचा, ५.७ टक्क्यांचा आहे. मलावीने किंवा सिएरा लिओनने असा परकीय चलनातला रोखा, म्हणजे युरोबाँड, कधी काढलाच नाही. त्यामुळे ज्यांचा सगळा बाजारी भार घरच्या ट्रेझरी बिलांवर, म्हणजे सरकारच्या वर्षभराच्या आतल्या कर्जावर आहे, तेच देश या चाचणीतून सुटतात. २०२४ च्या पूरक मार्गदर्शनात अंतर्गत कर्जाचे निर्देशक आले हे चांगलेच झाले. पण तो मामला विश्लेषकाच्या तारतम्याचा आहे. लाल दिवा आपोआप लागत नाही.

हे का बोचते, ते साध्या हिशेबात मांडतो.

३६४ दिवसांचे ट्रेझरी बिल, व्याजदर २५ टक्के. हे बिल सवलतीने विकले जाते, म्हणजे १०० दर्शनी मूल्याच्या बिलापोटी सरकारच्या हाती सुमारे ८० पडतात. वर्षाने १०० द्यायचे. महसुलात तेवढी जागा नसली तर तेवढ्याच पैशांसाठी नवे बिल काढायचे, दर्शनी मूल्य १२५. पुढच्या वर्षी १५६, त्याच्या पुढच्या वर्षी १९५. या काळात सरकारने एकही नवी शाळा बांधलेली नाही, एकही नवा पगार दिलेला नाही. महागाईही २५ टक्के असेल तर खरा बोजा जागच्या जागी राहतो, असे यावर उत्तर येते. ते बरोबर आहे, पण महागाई १० वर आली आणि बँकांनी दर २२ च्या खाली येऊ दिले नाहीत की बोजा धावू लागतो. नाणेनिधीच्या कार्यक्रमाचे पहिले उद्दिष्ट महागाई उतरवणे हेच असते, म्हणजे कार्यक्रम यशस्वी होत असतानाच ही कळ दुखू लागते.

दुसरी बाजू दर चढण्याची. समजा एखाद्या देशाची बिले जीडीपीच्या २० टक्के आहेत आणि महसूल १४ टक्के. दर १५ वरून २५ वर गेले तर एका वर्षात सगळी बिले नव्या दराने फिरतात आणि व्याज जीडीपीच्या ३ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर जाते. वाढलेले दोन टक्के म्हणजे महसुलाचा सातवा हिस्सा. हेच कर्ज बारा वर्षांत समान हप्त्यांनी संपणाऱ्या रोख्यांत असते तर पहिल्या वर्षी त्याचा बारावा भागच नव्या दराने फिरला असता. चौकटीच्या पाचव्या निकषाला या दोन देशांत फरक दिसत नाही. दोघांचेही अंतर्गत कर्ज २० टक्के. बाजारभावाने घेतलेल्या कर्जाचे वर्तमान मूल्य दर्शनी मूल्याच्या आसपासच धरले जाते, त्यामुळे मुदत हा घटकच हिशेबातून गळतो. सिएरा लिओनमध्ये ३६४ दिवसांच्या बिलांचा दर २०२४ मध्ये ४० टक्क्यांच्या वर होता. मलावीच्या मध्यवर्ती बँकेचा धोरणदर त्याच वर्षी फेब्रुवारीत २६ टक्क्यांवर गेला. वरचे उदाहरण आम्ही भडक करून मांडलेले नाही.

मोजणीत आणखी एक फट आहे. ती कर्ज कार्यालयात बसलेल्यालाच दिसते, बाहेरून सहसा नाही. बाजाराचा दर २० टक्के असताना अर्थमंत्रालय १० टक्के कूपनचा, म्हणजे दर्शनी मूल्यावर ठरलेल्या व्याजाचा, जुना दहा वर्षांचा रोखा पुन्हा विक्रीस काढते. वार्षिक कूपन धरले तर त्याची किंमत १०० ला ५८ येते. सरकारला ५८ मिळतात, नोंदवहीत कर्ज १०० चढते, आणि अर्थसंकल्पात व्याज दिसते ते फक्त १०. दर्शनी १०० वरचे १० टक्के. उरलेले ४२ हे व्याजच आहे, पण ते दहा वर्षांनी, दुसऱ्या कोणाच्या तरी कारकिर्दीत मुद्दल म्हणून फेडले जाईल. नोंद फक्त रोख व्यवहाराची असेल तर तुटीचा आकडा आज छान दिसतो. म्हणून प्रत्येक लिलावामागे दर्शनी मूल्य, प्रत्यक्ष मिळालेली रक्कम आणि सवलतीचे वार्षिक वाटप हे तीन आकडे मागायला हवेत. दोनच मिळाले तर तिसरा लपवायला जागा राहते.

आता नाणेनिधीच्याच कार्यक्रमांच्या अटी. परकीय चलनात महाग कर्ज घेण्यावर मर्यादा, अनेकदा शून्य. देशांतर्गत कर्जावर मर्यादा असते ती निव्वळ रकमेवर. जुने १०० फेडून नवे १०० घेतले तर निव्वळ शून्य, जुने दहा टक्क्यांचे असो आणि नवे तीसचे. जुने कर्ज फिरवताना किती दमछाक होते ते या मर्यादेला कळत नाही. बाहेरचा दरवाजा बंद, घरातला निव्वळ मोजमापाने अर्धा उघडा. अर्थमंत्री कुठे जाणार हे सांगायला नको.

घानाचे उदाहरण यासाठी पुरेसे आहे आणि ते ताजे आहे. डिसेंबर २०२२ मध्ये तिथे महागाई ५४.१ टक्के होती आणि ९१ दिवसांच्या बिलाचा दर ३५ टक्क्यांच्या घरात. ५ डिसेंबरला सरकारने अंतर्गत रोख्यांच्या अदलाबदलीची योजना आणली. परकीय कर्जाचे बहुतेक हप्ते थांबवल्याची घोषणा त्यानंतर, १९ डिसेंबरला झाली. म्हणजे घरच्या धनकोंवरची कुऱ्हाड आधी पडली. पहिल्या प्रस्तावात नव्या रोख्यांवर २०२३ मध्ये शून्य, २०२४ मध्ये ५ आणि २०२५ पासून १० टक्के व्याज होते. ट्रेझरी बिले पूर्ण वगळली. कामगार संघटनांनी संपाचा इशारा दिल्यावर पेन्शन फंड वगळले. वैयक्तिक गुंतवणूकदार आधी बाहेर होते, मग आत घेतले, मग ऐच्छिक केले. मुदत पुन्हापुन्हा वाढवत फेब्रुवारी २०२३ पर्यंत नेली. निवृत्त रोखेधारक अर्थमंत्रालयासमोर उभे राहिले आणि माजी सरन्यायाधीश सोफिया अकुफो त्यांच्यात सामील झाल्या. शेवटी पात्र रोख्यांपैकी सुमारे ८५ टक्के, साधारण ८३ अब्ज सेडीचे (घानाचे चलन) रोखे बदलले गेले. बँक ऑफ घाना या मध्यवर्ती बँकेने २०२२ साठी ६०.८ अब्ज सेडींचा तोटा दाखवला. त्यात सरकारकडच्या आपल्या येण्यावर सोडलेले पाणी हा मोठा भाग होता.

यानंतर जे झाले त्याकडे कमी लक्ष गेले. बिले वगळल्यामुळे बिलांचा बाजार जिवंत राहिला, रोख्यांचा मेला. पुढची दोनेक वर्षे सरकार दर आठवड्याच्या बिलांच्या लिलावावर चालले. कर्जाची मुदत लांबवायची म्हणून ज्या योजनेचा घाट घातला, त्या योजनेनंतरचे जवळपास सगळे नवे अंतर्गत कर्ज एक वर्षाच्या आतले. बिले वगळण्याचा निर्णय चूक होता असे आम्ही म्हणत नाही. बिलेही गोठवली असती तर बँकांचा रोजचा व्यवहारच थांबला असता. पण चौकटीने लाल दिवा दोन वर्षे आधी लावला असता तर निवडीला जागा राहिली असती. मे २०२३ मध्ये नाणेनिधीचा ३ अब्ज डॉलरचा कार्यक्रम मंजूर झाला, तेव्हा घानासाठी दोन लक्ष्ये ठेवली गेली : २०२८ पर्यंत एकूण कर्जाचे वर्तमान मूल्य जीडीपीच्या ५५ टक्क्यांवर आणि बाह्य कर्जाचा हप्ता महसुलाच्या १८ टक्क्यांवर. अंतर्गत हप्त्याचे लक्ष्य नव्हते, कारण चौकटीत तो रकानाच नव्हता.

तुमच्याच गटातल्या श्रीलंकेशी तुलना करा. तिला दुसरी चौकट लागू होती, बाजारात कर्ज घेणाऱ्या देशांची. त्यात २०२७ ते २०३२ या काळात एकूण वित्तगरज सरासरी जीडीपीच्या १३ टक्क्यांत आणायचे लक्ष्य होते, आणि त्यात घरचे-बाहेरचे सगळे कर्ज आले. म्हणून जून २०२३ मध्ये श्रीलंकेला अंतर्गत कर्जाच्या फेररचनेचा प्रश्न समोरासमोर सोडवावा लागला. ३० जूनला खास बँक सुट्टी देऊन, पाच दिवस बँका बंद असताना योजना संसदेतून नेली. मध्यवर्ती बँकेकडची बिले दीर्घ मुदतीत गेली. बँकांचे रोखे वाचवले. भार पडला कर्मचारी भविष्य निर्वाह निधीवर. नवे रोखे घ्या, सुरुवातीला १२ आणि नंतर ९ टक्क्यांचे, नाही तर फंडाच्या उत्पन्नावरचा कर १४ वरून ३० टक्के.

घानाने पेन्शन फंड वाचवले, निदान पहिल्या फेरीत, आणि बँकांना कापले. श्रीलंकेने बँका वाचवून भविष्य निधी कापला. यात फुकट काहीच नाही. बँकेचे भांडवल गेले तर सरकारनेच ते पुन्हा भरायचे, तेही बहुधा नवे रोखे देऊन. फंड कापला तर गिरणीतल्या बाईचा वीस वर्षांनंतरचा महिना कापला जातो, आणि ती आज रस्त्यावर येत नाही म्हणून तो पर्याय राजकीयदृष्ट्या सोपा ठरतो. म्हणून नव्या चौकटीत धारकांचा तक्ता सक्तीचा हवा : मध्यवर्ती बँक, व्यापारी बँका, पेन्शन व विमा, सरकारी उपक्रम, व्यक्ती, अनिवासी. प्रत्येकाकडे कोणत्या वर्षी मुदत संपणारे किती. स्वदेशी चलनातल्या सरकारी रोख्यांना बँकांच्या भांडवल-नियमांत शून्य जोखीम धरण्याची मुभा आहे आणि बहुतेक देश ती वापरतात, पण निदान तणाव-चाचणीत तरी १०, २० आणि ३० टक्क्यांची घट लावून पाहायला हवी. शेतकऱ्याला कर्ज द्यायला भांडवल लागते, वसुलीचा माणूस लागतो. सरकारच्या बिलावर काहीच लागत नाही आणि २५ टक्के मिळतात. मग शाखाधिकाऱ्याने खताच्या दुकानदाराला दारात उभे का करावे?

धारक कुठला, हा प्रश्नही वाटतो तितका सरळ नाही. केनियाने फेब्रुवारी २०२४ मध्ये साडेआठ वर्षांचा करमुक्त पायाभूत सुविधा रोखा काढला. ७० अब्ज शिलिंग मागितले, १८.४६ टक्क्यांनी सुमारे २४१ अब्ज घेतले. शिलिंगमधला, नैरोबीत विकलेला रोखा, म्हणून बोलताना सगळे त्याला अंतर्गत म्हणतात. पण त्यात परदेशी पैसाही आला, आणि तो निघायचा ठरवील तेव्हा शिलिंग विकून डॉलर मागणार. पश्चिम आफ्रिकेत उलटा गुंता आहे. नायजरची बिले अनेक देशांच्या सामाईक सीएफए फ्रँक या चलनात निघतात आणि त्याच चलनाच्या इतर देशांतल्या, आबिजान, डाकारच्या बँकाही ती घेतात. चलन स्वतःचे म्हणावे तर ते छापण्याचा अधिकार नायजरच्या सरकारकडे नाही. जुलै २०२३ च्या सत्तापालटानंतर निर्बंध आले, प्रादेशिक मध्यवर्ती बँकेतले व्यवहार थांबले आणि नायजरची देणी एकामागून एक चुकत गेली. फेब्रुवारी २०२४ मध्ये निर्बंध उठेपर्यंत हे चालले. अशा कर्जाला चलनाच्या रकान्यात टाकून मोकळे होणे म्हणजे स्वतःची फसवणूक आहे. चलन आणि धारकाचे निवासस्थान हे दोन स्वतंत्र रकाने ठेवा, दोन्ही भरून घ्या.

ज्या कर्जाचा लिलावच होत नाही त्याचे काय? कंत्राटदाराचे बिल आठ महिने अडकले की तो बँकेकडून कर्ज काढतो, बँकेकडे ते थकते, आणि सरकारचे कर्ज बँकेच्या बुडीत खात्यात दुसऱ्याच्या नावावर नोंदले जाते. महाराष्ट्रातल्या कंत्राटदारांना ही साखळी समजावून सांगायची गरज नाही. केनियात याला सरळ पेंडिंग बिल्स म्हणतात. सेनेगलमध्ये तर बँकांकडून अर्थसंकल्पाच्या वाटेबाहेर घेतलेली कर्जेही सापडली. फेब्रुवारी २०२५ मध्ये तिथल्या लेखापरीक्षण न्यायालयाने २०२३ अखेरचे कर्ज जीडीपीच्या ९९.६७ टक्के असल्याचे सांगितले. आधीच्या सरकारने दाखवले होते ७४.४१. ही तफावत शोधायला मोठे गणित लागत नाही. मध्यवर्ती बँकेकडे प्रत्येक बँकेचे ‘सरकारकडून येणे’ दरमहा येतेच. ते कर्ज कार्यालयाच्या ‘बँकांना देणे’शी ताडून पाहायचे. जुळत नसेल तर चौकटीत त्या देशाचा अंतर्गत आकडा तात्पुरता मानावा आणि तसे छापावे.

तांत्रिक मदतीबद्दल थोडे. रोखेबाजार विकसित करा, हा सल्ला अहवालात सोपा दिसतो. प्रत्यक्षात पहिली खराबी बाजारात नसते, सरकारच्या स्वतःच्या बँक खात्यांत असते. पंचवीस खाती व्यापारी बँकांत, त्यांत मंत्रालयांचा पडून असलेला पैसा, त्यावर व्याज नगण्य. तीच बँक तोच पैसा सरकारला २५ टक्क्यांनी बिलातून परत देते. म्हणून क्रम असा हवा : आधी एकच कोषागार खाते, रोज संध्याकाळी सगळ्या शिल्लक रकमा त्यात. मग पुढच्या तेरा आठवड्यांचा रोख अंदाज, दर सोमवारी दुरुस्त केलेला. त्यात पगाराची तारीख, करभरण्याची तारीख, मुदतपूर्ती, सगळे. मग तिमाहीचे लिलाव वेळापत्रक, रकमेसह छापलेले. आणि मग ते पाळायचे. इथेच घोडे पेंड खाते. दर जास्त आला की मंत्री बोली नाकारतात. पैशांची नड तशीच राहते, दोन दिवसांनी दोन मोठ्या बँकांना बोलावून खासगीत तोच दर दिला जातो. पुढच्या लिलावात कोणीच मनापासून बोली लावत नाही, कारण खरा भाव लिलावाबाहेर ठरतो हे सगळ्यांना कळलेले असते. नाकारण्याचा अधिकार असावा, पण लेखी निकषावर, आणि त्या तारखेनंतर किमान पुढच्या लिलावापर्यंत खासगी विक्री बंद.

करांचाही एक खेळ आहे. युगांडा ट्रेझरी बिलांच्या व्याजावर २० टक्के कर मुळातच कापतो, दहा वर्षे आणि त्यापुढच्या रोख्यांवर १० टक्के. दीर्घ मुदतीकडे ओढण्याची ही चांगली युक्ती आहे. मात्र बोली लावणारा करपश्चात परतावा बघूनच बोलतो, त्यामुळे कराचा बराच भाग दरात चढतो आणि महसूल व व्याज दोन्ही फुगतात. महसुलाशी व्याजाचे गुणोत्तर काढताना हा फुगवटा दोन्हीकडून वजा करावा.

सामान्य माणसाला रोखे विकून हा प्रश्न सुटेल, या आशेवर फार भिस्त ठेवू नये. केनियाचा एम-अकिबा रोखा २०१७ चा : मोबाइलवरून, किमान ३,००० शिलिंग. छोटी चाचणी-विक्री भरली, नंतरच्या १ अब्जाच्या विक्रीत साधारण २५ कोटीच जमले. अशी सोय चांगली आहे, ती असावी. पण सरकारची गरज अब्जावधींची आणि बचत करणाऱ्यांची संख्या मर्यादित. यातल्या अनेक देशांत बँकांतल्या सगळ्या ठेवी मिळून जीडीपीच्या पाव हिश्श्याच्या आसपास किंवा त्याहून कमी भरतात. ज्या विहिरीतून सरकार, कारखानदार आणि शेतकरी तिघेही पाणी शेंदतात तिची खोलीच तेवढी आहे, आणि चौकटीने ती मोजावी. बँका व पेन्शन फंडांच्या एकूण मालमत्तेपैकी सरकारी कागद किती, आणि दर वर्षी त्यात होणारी वाढ नव्या ठेवींच्या किती टक्के, हे दोन आकडे पुरतील. नव्या ठेवींपैकी ७०-८० टक्के सरकार उचलत असेल तर बाजार विकसित होत नसून आटतो आहे.

भारताचा अनुभव इथे कामाला येईल, पण तो कौतुक म्हणून नको. १९५५ पासून केंद्राची शिल्लक घसरली की रिझर्व्ह बँक आपोआप तदर्थ ट्रेझरी बिले घेऊन ती भरून काढत असे. १९७४ पासून जवळपास दोन दशके ९१ दिवसांच्या बिलाचा दर ४.६ टक्क्यांवर बांधलेला होता. बँकांनी मुख्यतः सरकारी रोख्यांत ठेवायचा हिस्सा, म्हणजे वैधानिक रोखता प्रमाण, ३८.५ टक्क्यांवर आणि रोख राखीव १५ टक्क्यांवर गेले, म्हणजे शंभरच्या ठेवीतले पन्नासहून अधिक रुपये आधीच बांधलेले. इथिओपियाने २०११ ते २०१९ मध्ये याचीच आवृत्ती चालवली : खासगी बँकेने १०० बिर्रचे कर्ज दिले की २७ बिर्रची मध्यवर्ती बँकेची पाच वर्षांची बिले, बरीच वर्षे ३ टक्क्यांनी, घ्यायची, ठेवीदाराला मात्र किमान ५ टक्के द्यायचे. कर्जाचा आकडा स्वस्त दिसत होता आणि किंमत ठेवीदार व कर्जदार मोजत होते. अशी सक्तीची स्वस्ताई चौकटीत कमी धोका म्हणून उमटते. तशी ती उमटू नये. बाजारभावाने त्या कर्जाचा खर्च किती आला असता, हा रकाना त्याच्या शेजारी हवा.

आणि आपण यातून बाहेर कसे आलो, तो क्रम सांगावा. १९९२-९३ मध्ये लिलाव सुरू झाले. सप्टेंबर १९९४ मध्ये तदर्थ बिले तीन वर्षांत बंद करण्याचा लेखी करार झाला, आधी मर्यादा, मग ३१ मार्च १९९७ ला पूर्णविराम आणि त्या जागी ठरावीक मर्यादेची, व्याज लागणारी वेज अँड मीन्स उचल. मध्ये १९९२ चा मुंबईतला रोखे घोटाळा झाला. त्याची एक मुळी हाताने लिहिलेल्या नोंदवह्यांत आणि रोख्याऐवजी फिरणाऱ्या बँक पावत्यांत होती. रोखा आणि पैसा एकाच वेळी हात बदलतील अशी व्यवस्था १९९५ मध्ये आली, रोखे-व्यवहारांची पूर्तता करणारे क्लिअरिंग कॉर्पोरेशन २००१ मध्ये, आणि प्राथमिक विक्रीत रिझर्व्ह बँकेने भाग घेण्यावर एप्रिल २००६ पासून बंदी. चौदा वर्षे लागली. तीन वर्षांच्या कार्यक्रमात आणि एका सल्लागाराच्या दोन फेऱ्यांत लिलाँग्वे (मलावी) किंवा फ्रीटाऊनकडून (सिएरा लिओन) हे सगळे मागणे व्यवहार्य नाही. एक कोषागार खाते आणि पाळले जाणारे वेळापत्रक, एवढे तीन वर्षांत होते.

तेव्हा मंडळासमोर मसुदा येईल त्या वेळी त्यात पुढील गोष्टी आहेत का ते पाहावे. युरोबाँड असो वा नसो, एकूण वित्तगरजेची चाचणी सर्व देशांना. अंतर्गत व्याज व महसूल यांच्या गुणोत्तरावर स्वतंत्र उंबरठा, तारतम्यावर सोडलेला निर्देशक नव्हे. निव्वळ अंतर्गत कर्जाच्या मर्यादेजोडीला वर्षभरात मुदत संपणाऱ्या कर्जाची मर्यादा. आणि अंतर्गत फेररचना सुचवायचीच असेल तर तिच्याआधी, त्याच कागदात, बँका व पेन्शन फंडांना पुन्हा उभे करण्याचा खर्च वजा करून उरणारी निव्वळ बचत किती, हा आकडा. तो आकडा शून्याजवळ येत असेल तर फेररचना सुचवू नये आणि बाह्य धनकोंकडून तेवढी जादा सूट मागावी. त्यात चीन येतो, खासगी रोखेधारक येतात आणि परदेशी सरकारांना कर्ज देणारी भारताची एक्झिम बँकही येते, याची आम्हाला जाणीव आहे.

आकडेवारीसाठी वेगळा निधी लागेल ही सबब कोणी पुढे केली तर एक लक्षात आणून द्यावे : लिलावांचे निकाल बहुतेक मध्यवर्ती बँका त्याच दिवशी संकेतस्थळावर टाकतात, आणि धारकांची यादी त्यांच्याच ठेव-नोंदणी प्रणालीत असते. तिमाहीला एक तक्ता काढायला दोन माणसांचे तीन दिवस पुरतात. पहिला तक्ता बांगलादेश आणि भूतानकडून मागवा. ते तुमच्याच गटातले आहेत.

आपले,
सरकारी रोखे आणि सार्वजनिक वित्तव्यवहार या क्षेत्रांत काम करणारे काही जण
मुंबई व पुणे